एकोणीस सेकंद

एकोणीस सेकंद.
एवढीच जागा मिळाली होती केर्टूला,
नावं सरकून जाईपर्यंतची.
त्यात तिनं बसवलं एक बंदर, एक बोट,
आणि ताइस्तोच्या जुन्या अकॉर्डियनमधला
तो वर चढता चढता थबकणारा सूर,
जणू कुणी जिन्यात उभं राहून आठवतंय
की दिवा मालवला का.

मालिकेचं नाव ‘धक्का क्रमांक तीन’.
मंगळवारी, रात्री आठला.
ओउलूत तेव्हा अंधार पाच तासांचा शिळा असायचा,
आणि तो सूर लागला की अख्ख्या इमारतीतल्या
कॉफीच्या किटल्या एकदम खाली उतरायच्या.

मी मिक्सिंगच्या टेबलाशी.
माझं काम आवाज कमी, आवाज जास्त.
बाकी अक्कल केर्टूची.

दुसऱ्या वर्षी म्हणाली, काढ तो सुरुवातीतून.
मग कुठं घालू?
गोष्टीत.

आणि आम्ही तो लपवत गेलो
घराची किल्ली कुंडीखाली लपवतात तसा.
पायलट बोटीवरचा म्हातारा दाढी करताना
शिट्टीत दोनच सूर, तिसऱ्याला वस्तरा गालावर.
वरच्या मजल्यावरची पोरगी पियानोवर घोटते,
चौथ्या सुराशी अडखळते,
पुन्हा पहिल्यापासून.
वर्षभर ती तिथंच अडखळली.
लोकांची पत्रं आली : अहो, शिकवा तिला कुणीतरी!

तस्कर कोण, हे मालिकेतल्या पोलिसांना
सहा भागांनी कळलं.
केमीच्या एका आंधळ्या बाईंनी
पहिल्याच भागानंतर फोन करून सांगितलं :
तो लोकरी टोपीवाला.
त्याच्या फोनची रिंग म्हणजे आपलंच गाणं,
शेवटाकडून सुरुवातीकडे.
केर्टू त्या दिवशी
टेबलावर चढून नाचली. बूट घालून.
ओरखडे अजून आहेत.

एक भाग बहिऱ्या आइलाचा.
त्या रात्री शीर्षकाला आवाजच नाही,
फक्त कपातल्या कॉफीवर वलयं,
बरोब्बर ठेक्यात.
वरून पेक्कारिनेन साहेबांचा फोन : बिघाड आहे का?
केर्टूनं रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.
मी म्हणालो, नाही साहेब.
नीट बघा, ऐकू येईल.

मग ताइस्तो.
तीस वर्षं कागद कारखान्यात, उरलेली भात्यामागं.
बोटं शाबूत, भाता शाबूत, छाती नाही.
पाचव्या वर्षी नव्यानं वाजवायला आला
तेव्हा पट्टे खांद्यावर चढवायलाच
दोघं लागलो.
हवेचं बटण दाबून त्यानं भाता उघडला.
मिटला. उघडला.
मिटला.
‘आज नको’ म्हणाला, आणि खिशातून
खारट काळी गोळी काढून मला दिली,
मीच दमलो असल्यासारखी.

लाल दिवा चालू होता.
मी बंद करायला विसरलो होतो,
किंवा नव्हतो. आता कोण विचारणार.

फेब्रुवारीत गेला.
पुढच्या मंगळवारी आठ वाजता
बंदर आलं, बोट आली, नावं सरकू लागली,
आणि एकोणीस सेकंद
एकही सूर नाही.
भाता उघडतो.
मिटतो.
उघडतो.
त्याचं नाव नेहमीसारखं शेवटी, बारीक अक्षरात.

मी केर्टूला म्हणालो,
आता तरी त्या पोरीला चौथ्या सुरापुढं जाऊ दे.
तिनं बराच वेळ केबल गुंडाळली.
‘नको. अडखळू दे.’

दुसऱ्या दिवशी बेकरीत राय पावाची रांग.
कालच्या भागाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही,
आमच्याकडं काढत नाहीत.
एक पोरगा बाहेर पडला
आणि त्याच्यामागं ते दार, स्वतःहून मिटणारं,
हळूच हवा सोडत गेलं.

रांगेतले चौघेही
एकदम वळले.